हास्यनट मॅक्स लिंडर आणि त्याच्या कन्येने फेडलेले पितृऋण

मनुष्याची कीर्ती ही मोठी चंचल वस्तू आहे. आज जिच्या नावाचा चहूकडे डंका वाजतो, तिचे नाव दोन पिढ्यांनंतर कोणी काढीतही नाही. मूकपटांच्या काळातील विनोदी नट कोण, असे आपल्या घरातील कोणाही मुलास विचारले, तर तो तत्काळ चार्ली चॅप्लिनचे नाव सांगेल. परंतु ज्याला स्वतः चॅप्लिनने गुरू म्हटले आणि आपल्या छायाचित्रावर स्वहस्ते लिहून स्वतःस ज्याचा शिष्य म्हणविले, त्या मॅक्स लिंडरचे नाव शंभरांत एकासही ठाऊक नसावे.

आपल्या ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेत पूर्वसूरींची चरित्रे, विद्यार्थ्यांचे यश आणि समाजकार्याचे अहवाल येत असतात. त्यांत सातासमुद्रांपलीकडील एका फ्रेंच नटाचे चरित्र कशास, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आम्ही लेखाच्या अखेरीस देणार आहोत. तूर्त वाचकांनी हे चरित्र धीराने ऐकावे, एवढीच विनंती.

जन्म आणि शिक्षण

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात बोर्दो नावाचे प्रसिद्ध शहर आहे. तेथील द्राक्षमद्य जगभर नावाजलेले आहे. या शहरानजीक सां-लुबेस नावाच्या गावी दिनांक १६ डिसेंबर १८८३ रोजी मॅक्सचा जन्म झाला. त्याचे मूळ नाव गॅब्रिएल-मॅक्सिमिलियन लव्हिएल. घराणे द्राक्षमळे बाळगणारे व सुस्थितीतील होते. मुलाने वाडवडिलांचा उद्योग पुढे चालवावा, अशी घरच्यांची इच्छा असणे साहजिकच होते. परंतु मुलाचे चित्त द्राक्षांच्या वेलींत रमेना, ते नाटकाकडे ओढ घेई. नाटकाचे वेड घेतलेल्या मुलावर आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी जेवढा राग धरला असता, तेवढाच त्या घरातही धरला गेला. तथापि मुलगा बधला नाही. बोर्दो येथील कलाशाळेत त्याने नाट्यशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले, आणि पुढे नशीब काढण्यासाठी पॅरिस गाठले.

ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चित्रपटात नुसत्या कोलांट्या मारण्यासाठी आलेला हा इसम नव्हे. उभे कसे राहावे, चालावे कसे, टोपी काढून नमस्कार कसा करावा, याचे शास्त्रशुद्ध शिक्षण त्याने घेतले होते. त्याच्या पुढील यशाचे बीज या शिक्षणात आहे.

चित्रसृष्टीत प्रवेश

पॅरिसमध्ये पाथे बंधूंची चित्रपट कंपनी त्या काळी भरभराटीस आली होती. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील सर्वांत मोठी चित्रपट कंपनी ती हीच. तिचे पट देशोदेशी जात, आणि आपल्याकडे मुंबई-कलकत्त्यासही येत. १९०५ साली या कंपनीत मॅक्सने लहानसहान कामे करण्यास आरंभ केला. दिवसा चित्रपटात काम आणि रात्री नाटकात, असा त्याचा क्रम असे. त्या वेळी चित्रपटात काम करणे हे नाट्यव्यवसायात हलके मानले जाई. खानदानी नटाने जत्रेतल्या तंबूत तोंड दाखवावे, तसाच तो प्रकार समजत. म्हणून त्याने घराण्याचे नाव बाजूस ठेवले आणि ‘मॅक्स लिंडर’ हे नाव धारण केले. जे नाव झाकण्यासाठी घेतले, तेच पुढे घराण्याच्या नावाहून मोठे झाले.

१९०७ साली बर्फावर घसरण्याचा खेळ शिकू पाहणाऱ्या एका नवशिक्याचे छोटे प्रहसन निघाले. त्यात मॅक्स उंची पोशाख करून बर्फावर उतरतो आणि पुनःपुन्हा घसरून पडतो. उंच रेशमी टोपी, नेटका काळा कोट, पांढरे हातमोजे, हाती छडी, ओठांवर कातरलेल्या बारीक मिशा, अशी जी मूर्ती पुढे जगप्रसिद्ध झाली, तिचे पहिले दर्शन या प्रहसनात घडते. चॅप्लिनचा भटक्या पडद्यावर आला तो १९१४ साली, म्हणजे त्यानंतर सात वर्षांनी.

पाथे कंपनीचा त्या वेळचा आघाडीचा विनोदी नट आंद्रे दीद हा पुढे कंपनी सोडून इटलीस गेला. त्याची जागा मॅक्सला मिळाली. १९१० च्या सुमारास त्याची लोकप्रियता एवढी वाढली की चित्रपटाच्या नावातच ‘मॅक्स’ हा शब्द घालण्याची वहिवाट पडली. नटाच्या नावावर चित्रपट खपण्याची जी रीत आज सर्वत्र दिसते, तिचा आरंभ करणाऱ्या मोजक्या नटांत त्याची गणना होते. १९११ पासून तो आपल्या चित्रपटांचे दिग्दर्शनही स्वतःच करू लागला.

त्याच्या विनोदाचे स्वरूप

त्यापूर्वीचे विनोदी पट म्हणजे बहुधा पळापळ, पडझड आणि मोडतोड. कोणी कोणाच्या अंगावर पाणी ओतावे, कोणी शिडीवरून पडावे, आणि शेवटी सर्वांनी मिळून एकाच्या मागे धावत सुटावे, एवढ्यावर काम भागत असे. मॅक्सने यांतले काहीच सर्वस्वी टाकले नाही, परंतु त्यास एक अर्थ दिला. त्याचा नायक सभ्य गृहस्थ आहे. काहीही झाले तरी आपली अब्रू राखावी, कपड्यांची घडी मोडू नये, एवढीच त्याची धडपड असते. आणि नेमकी परिस्थिती अशी येते की अब्रू राखण्याचा प्रत्येक यत्न त्याला अधिकाधिक अडचणीत लोटतो. हसू येते ते मनुष्य पडला म्हणून नव्हे, तर पडलोच नाही असे तो भासवू पाहतो म्हणून.

एक-दोन उदाहरणे दिल्यावाचून हे ध्यानात येणार नाही. १९१० च्या एका प्रहसनात वैद्य मॅक्सला थंड पाण्याने स्नान करण्याचा सल्ला देतो. मॅक्स मोठ्या हौसेने स्नानाचे टब विकत आणतो. पाहतो तो घरात नळ नाही, नळ आहे तो बाहेरच्या सामाईक बोळात! लहान भांड्याने पाणी वाहून वाहून तो कंटाळतो आणि शेवटी टबच नळाखाली नेऊन तेथे स्नानास बसतो. शेजारीपाजारी येतात, ओरडा होतो, पोलीस येतात, आणि अखेर टबासकट मॅक्सची वरात निघते. पाठीवर टब घेऊन तो कासवासारखा पळतो, तेव्हा हसू आवरत नाही. ज्यांनी मुंबईतल्या चाळींत सामाईक नळावर दिवस काढले आहेत, त्या आमच्या वाचकांस या प्रहसनाचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरे १९११ मधील. येथेही वैद्यच कारण. शक्तिवर्धक म्हणून सिंकोन्याचे मद्य घेण्यास तो सांगतो, आणि मॅक्स भला मोठा पेला रिचवून झिंगतो. त्या धुंदीत त्याचे एकामागून एक बड्या अधिकाऱ्यांशी खटके उडतात, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे द्वंद्वाचे आव्हान म्हणून जो तो त्याच्या हाती आपली नावपत्रिका देतो. पुढे रस्त्यात झोकांड्या खाणारा मॅक्स पोलिसांच्या हाती लागला की ते ती पत्रिका पाहतात, हाच तो बडा अधिकारी असे समजून त्यास अदबीने सलाम ठोकतात आणि त्या त्या अधिकाऱ्याच्या घरी नेऊन सोडतात! अधिकाराच्या चिठ्ठीपुढे मान तुकविणाऱ्यांची ही थट्टा शंभर वर्षांनंतरही शिळी झालेली नाही.

या सर्व गडबडीत मॅक्स चेहरा वेडावाकडा करीत नाही. भुवई किंचित वर जाते, मिशीचे टोक हलते, हात टोपीकडे जातो, बस्स. चॅप्लिनने त्याच्यापासून नेमके काय घेतले असेल, तर हा संयम. टोपी, छडी आणि सभ्यपणाचा आव हे दोघांतही आहेत. मात्र एकाचे कपडे नवे कोरे आणि दुसऱ्याचे विटके. मॅक्स हा श्रीमंत असून फजीत होतो, चार्ली दरिद्री असून ऐट सोडीत नाही.

कीर्तीचा कळस

१९१२ साली तो स्पेनच्या दौऱ्यावर गेला. त्याला पाहण्यासाठी लोकांनी अलोट गर्दी केली. तेथील बैलझुंजीच्या खऱ्या आखाड्यातील दृश्ये घेऊन त्याने एक चित्रपटही तयार केला. पुढे बर्लिन, रशिया येथपर्यंत त्याचे दौरे झाले. भाषेचा अडसर नव्हता, कारण पट मुके होते. फ्रेंच, जर्मन, रशियन, सर्वांना तो आपलाच वाटे. ज्या राष्ट्रांतील प्रजा त्याच्या विनोदास एकाच वेळी हसत होत्या, त्याच राष्ट्रांची सैन्ये लवकरच एकमेकांच्या उरावर बसणार होती.

महायुद्ध आणि उतरती कळा

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्धाचा वणवा पेटला. मॅक्सची प्रकृती मुळात नाजूक. तरीही तो सेवेत रुजू झाला आणि मोटार हाकून संदेश पोहोचविण्याचे काम करू लागला. तो मेल्याची खोटी बातमीही एकदा पसरली होती. मरण टळले, परंतु छाती कायमची दुबळी झाली, आणि त्याहूनही मोठी जखम मनास झाली. औदासीन्याचे झटके तेव्हापासून त्याची पाठ सोडीनात.

इकडे अमेरिकेत चॅप्लिनने एसने नावाची कंपनी सोडली. त्याच्या जागी तितक्याच तोलाचा नट हवा म्हणून त्या कंपनीने १९१६ साली मॅक्सला पाचारण केले. शिष्याच्या रिकाम्या झालेल्या आसनावर गुरूस बसविण्याचा हा प्रसंग! १९१७ साली त्याने तीन लहान पट केले, पण ते फारसे चालले नाहीत. त्यातच फुप्फुसांचा विकार उलटला आणि करार अर्धवट टाकून त्यास युरोपात परतावे लागले. या अमेरिकेतील वास्तव्यात चॅप्लिनशी त्याचा स्नेह जडला, हीच काय ती जमेची बाजू.

१९१९ मध्ये फ्रान्समध्ये केलेल्या एका मोठ्या चित्रपटास चांगले यश आले. त्या उत्साहात तो पुन्हा अमेरिकेस गेला आणि स्वतःच्या जबाबदारीवर तीन पूर्ण लांबीचे चित्रपट काढले, दोन १९२१ साली व एक १९२२ साली. त्यांतील ‘सात वर्षांचे दुर्दैव’ या अर्थाच्या नावाचा पहिला चित्रपट हा त्याच्या कलेचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. घरातील मोठा आरसा नोकराच्या हातून फुटतो. चोरी लपविण्यासाठी तो दुसऱ्या एका नोकरास धन्याचा वेष देऊन रिकाम्या चौकटीमागे उभा करतो. सकाळी दाढीस बसलेला मॅक्स जे जे करील, ते ते समोरचा ‘प्रतिबिंब’ बनलेला गडी करीत जातो. मॅक्सला संशय येतो. तो निरनिराळ्या हुलकावण्या देऊन पाहतो. शेवटी लबाडी उघडकीस येते. पण तेवढ्यात नोकर खरी काच बसवून घेतो, आणि चिडलेला मॅक्स तोच नवा आरसा स्वतःच्या हाताने फोडून बसतो! आरशाचा हा प्रसंग पुढे अनेकांनी उचलला. १९३३ साली अमेरिकेतील मार्क्स बंधूंनी केलेला तसाच प्रसंग आज सर्वांस माहीत आहे, आणि मॅक्सचा कोणास माहीत नाही. १९२२ चा त्याचा चित्रपट ‘तीन शिलेदार’ या गाजलेल्या कथेचे विडंबन होता.

एवढे करूनही अमेरिकेतील प्रेक्षकांनी त्यास डोक्यावर घेतले नाही. तोवर चॅप्लिन, बस्टर कीटन, हॅरल्ड लॉइड ही नवी मंडळी पुढे आली होती. ज्या वाटेवर त्याने पहिले पाऊल टाकले, ती वाट आता हमरस्ता झाली होती, आणि त्या गर्दीत वाट पाडणाराच मागे पडला.

दुःखद अंत

पुढील हकीकत लिहिताना हात जड होतो. १९२३ साली त्याने आपल्याहून वयाने पुष्कळच लहान अशा हेलेन पीटर्स या तरुणीशी विवाह केला. २७ जून १९२४ रोजी त्यांस कन्यारत्न झाले. तिचे नाव मॉड. परंतु संसार सुखाचा झाला नाही. मॅक्सच्या मनास विकाराने आणि संशयाने पुरते ग्रासले होते. १९२५ साली ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागण्याच्या सुमारास पॅरिसमधील एका हॉटेलात पतिपत्नी दोघांचाही अंत झाला. हा अंत त्याने स्वतःच घडवून आणला होता, आणि पत्नीची त्यास कितपत संमती होती, याविषयी आजही मतभेद आहेत. ज्याने कोट्यवधी लोकांचे दुःख घटकाभर हलके केले, त्याला स्वतःच्या दुःखावर उतारा सापडला नाही. त्या काळी मनाच्या आजारास आजार समजत नसत. तो लपविण्याचीच रीत होती. अशा आजाराची लाज न बाळगता वेळीच वैद्याकडे जावे, एवढे तरी या हकीकतीवरून आपण शिकावे. असो. सां-लुबेस येथील आपल्या गावच्या मातीत त्याचे दफन झाले. द्राक्षमळे सोडून गेलेला मुलगा वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आतच तेथे परतला.

मागे राहिली ती सोळा महिन्यांची पोर. तिच्या ताब्यासाठी आईकडील व वडिलांकडील नातेवाइकांत वाद झाला. आजीने तिला वाढविले. आईचा घात ज्याच्यामुळे झाला, त्याचे नाव त्या घरात कोण काढणार? मॉड मोठी झाली ती वडिलांचा एकही चित्रपट न पाहता.

विस्मृती का आली?

मॅक्सचा विसर पडण्यास केवळ त्याचा मृत्यू कारण नव्हे. १९२७ नंतर बोलपटांचा जमाना आला आणि मूकपट कवडीमोल झाले. जुने पट कचकड्याच्या ज्या फितींवर असत, त्या अत्यंत ज्वालाग्राही. साठवणे धोक्याचे, आणि साठवल्या तरी काळाने आपोआप कुजणाऱ्या. कित्येक फिती त्यांतील रुपे काढून घेण्यासाठी वितळविल्या गेल्या. मॅक्सने शेकडो लहान पट केले. त्यांतील फार मोठा भाग असाच नष्ट झाला.

या बाबतीत आपणही इतरांस नावे ठेवण्याच्या योग्यतेचे नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला. आज तो संपूर्ण उपलब्ध नाही. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतील पंचवीस-तीसही धडपणे हाती राहिले नाहीत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर बहुतेक सर्व हातचे गेले होते. फाळक्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटाचा बराच भाग सुदैवाने टिकला आहे. त्यात बाळकृष्णाचे काम त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केले आहे. ती हसरी मुलगी आजही पाहावयास मिळते, हे आपले भाग्य.

कन्येचे कार्य

मॉडने वयाच्या विशीच्या सुमारास वडिलांचे काम प्रथम पाहिले. ज्यास कधी पाहिले नाही, ज्याच्या हातून आपण पोरके झालो, तो पिता पडद्यावर टोपी काढून लोकांना हसवीत आहे! त्या क्षणी तिच्या मनात काय आले असेल, याची कल्पना आईबापांनी आणि लेकींनी आपापली करावी. ती तोंड फिरवून निघून गेली असती, तर कोणीही तिला दोष दिला नसता. परंतु तिने उलट मार्ग धरला. ठिकठिकाणच्या संग्रहांत वडिलांच्या विखुरलेल्या फितींचा शोध घेण्याचे व्रत तिने घेतले आणि ते आयुष्यभर चालविले.

१९६३ साली अमेरिकेतील तीन मोठ्या चित्रपटांतील निवडक भाग एकत्र करून तिने ‘मॅक्स लिंडरच्या सहवासात’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट प्रसिद्ध केला, आणि नव्या पिढीस हा नट पुन्हा दिसला. १९८३ साली ‘रेशमी टोपीचा माणूस’ या अर्थाच्या नावाचा त्याचा चरित्रपट तिने स्वतः तयार केला. १९९२ साली वडिलांविषयी पुस्तक लिहिले. २०१७ साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ती निवर्तली. आज मॅक्स लिंडरविषयी जगास जे काही ठाऊक आहे, त्यातील फार मोठा वाटा या एका बाईच्या परिश्रमाचा आहे. तिने वडिलांस देव केले नाही, त्यांच्या कृत्याचे समर्थनही केले नाही. त्यांच्या हातून जे चांगले झाले, ते नाहीसे होऊ नये, एवढाच तिचा आग्रह होता.

आपल्यापुरता बोध

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर. आपल्या ज्ञातीच्या जुन्या कार्यकर्त्यांचे एक सामुदायिक छायाचित्र काही वर्षांपूर्वी आमच्या हाती आले. खुर्च्यांवर पागोटी घातलेली मंडळी, मागे उभे असलेले तरुण, पायाशी मुले. नावे कळावीत म्हणून आम्ही ते घेऊन घरोघर हिंडलो. दोन-तीन नावे कशीबशी लागली. बाकीच्यांची कोणासही सांगता येईनात. त्यांच्याच वर्गणीतून आणि श्रमांतून आपली ही संस्था उभी राहिली आहे!

जी दोन-तीन नावे लागली, ती कोणी सांगितली? मुलांनी वा नातवांनी नव्हे. सासरी गेलेल्या एका वृद्ध लेकीने चष्मा पुसून, बोट ठेवून सांगितली. आणि गंमत अशी की, त्याच घराण्याची छापील वंशावळ आम्ही उघडली, तो तीत त्या बाईंचे नाव नाही! आपल्या वंशावळींत मुलांच्या शाखा पुढे जातात. मुलीच्या नावी रेघसुद्धा ओढलेली नसते. पितृऋण फेडावयाचे ते पुत्राने, असे आपण धरून चालतो. मॅक्स लिंडरचे ऋण फेडले ते कन्येने, आणि तेही त्याच्याकडून प्रेमाचा एक शब्द कानी आल्याचे न आठवता.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र सूचना अशी आहे. घरातील पेटी-फडताळात जी जुनी छायाचित्रे असतील, ती एकदा बाहेर काढावी आणि वडीलधारी मंडळी आहेत तोवर प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावे व साल लिहून ठेवावे. मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे तर आज पोरासोरांसही जमते. आणि मंडळाने यापुढे जी वंशावळ छापावी, तीत लेकींची नावे मुलांच्या बरोबरीने घालावी. हा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे. सुज्ञ सभासद त्यास पाठिंबा देतील, अशी उमेद बाळगून हा लेख पुरा करितो.